पानाच्या आत राहणारे: तापीकाठच्या निंबापासून खाडीतल्या तिवरापर्यंत

रावेर-सावद्याकडची केळी जळगावातल्या पिंप्राळ्यात घरोघरी येतात. फणी खुंटीला टांगली की तीन-चार दिवसांत पिवळ्या सालीवर तपकिरी ठिपके उमटतात. त्यांतले पुष्कळसे साल म्हातारी होत चालल्याचे असतात. काही ठिपके मात्र वेगळे. ते खोलगट होतात, पसरत जातात, काळे पडतात आणि दमट दिवस असतील तर त्यांवर फिकट नारिंगी दाणे धरतात. ही कोलेटोट्रायकम म्युसे नावाची बुरशी. ती आपल्या घरात लागलेली नसते, वखारीतही लागलेली नसते. घड बागेत हिरवा असतानाच पावसाच्या थेंबाबरोबर तिचा बीजाणू सालीवर येतो, रुजतो, चिकट गादीसारखा फुगवटा करून सालीला धरून बसतो, एक बारीक खुंटी आत घुसवतो आणि तिथेच थांबतो. हिरव्या सालीत तिला वाढू न देणारी रसायनं असतात. फळ पिकतं, ती रसायनं ओसरतात, साखर वाढते आणि थांबलेली बुरशी पुढे निघते. मधल्या सगळ्या दिवसांत तो घड निरोगीच दिसत होता. शेतकऱ्याने पाहिला, व्यापाऱ्याने पाहिला, ट्रकमध्ये भरणाऱ्याने खांद्यावर वाहिला, पण आतलं बिऱ्हाड कुणालाही दिसलं नाही.

झाडाच्या जिवंत भागात राहणाऱ्या आणि रोगाची कुठलीही खूण न दाखवणाऱ्या अशा बुरशींना एंडोफाइट म्हणतात. आपण अंतर्वासी बुरशी म्हणू. हा शब्द जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन दे बारी यांनी 1866 मध्ये रूढ केला. वस्तुस्थिती त्याहून फार जुनी आहे. स्कॉटलंडमध्ये रायनी इथल्या सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात अगदी आरंभीच्या जमिनीवरच्या वनस्पती जतन झाल्या आहेत. त्यांच्या पेशींत बुरशीचे तंतू स्पष्ट दिसतात. म्हणजे वनस्पती पाण्याबाहेर आल्या तेव्हाही एकट्या नव्हत्या. आजवर नीट तपासलेल्या जवळपास प्रत्येक झाडात असे रहिवासी सापडले आहेत. जगात बुरशीच्या 22 ते 38 लाख जाती असाव्यात असा 2017 मधला अंदाज आहे. नावं मिळालेल्या जाती दीड लाखाच्या आसपास. उरलेल्यांपैकी मोठा हिस्सा उष्ण प्रदेशातल्या पानांच्या आत असावा, असं पनामाच्या जंगलात काम केलेल्या एलिझाबेथ अर्नोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये मांडलं.

या विषयात खारफुटीला खास जागा आहे. तिवर, चिप्पी, कांदळ, मारांडी ही झाडं दिवसातून दोनदा खाऱ्या पाण्यात उभी राहतात. मुळाशी प्राणवायू नसलेला काळा चिखल, पानांवर ऊन आणि मीठ. तिवराचं पान जिभेला लावलं तर खारट लागतं, कारण ते पानावरच्या ग्रंथींतून मीठ बाहेर टाकतं. कांदळ बरंचसं मीठ मुळाशीच गाळतं आणि पानात टॅनिन साठवतं. अशा झाडाच्या आत राहणाऱ्या बुरशीला या सगळ्याशी जमवून घ्यावं लागतं. महाराष्ट्रात 2021 च्या वन सर्वेक्षण अहवालानुसार 324 चौरस किलोमीटर कांदळवन होतं. राज्याने 2012 मध्ये कांदळवन कक्ष उभारला आणि 2020 मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. कांदळवनाबद्दल आपण बोलतो तेव्हा लाटा अडवणं, मासे, खेकडे, पक्षी हे येतं. पानाच्या आत काय चाललंय, ते बहुधा येत नाही.

पिंप्राळ्यात बसून खाडीबद्दल लिहिण्याचा अधिकार काय, असं कुणी विचारलं तर उत्तर धुळ्याकडे आहे. भारतातल्या सागरी बुरशींची जी पायाभूत नोंद आज संशोधक हाताशी ठेवतात, तिच्या मागे बी. डी. बोरसे हे खानदेशात वनस्पतिशास्त्र शिकवणारे प्राध्यापक आहेत. समुद्र नसलेल्या जिल्ह्यातून येऊन त्यांनी 1980 च्या दशकात कोकणचा किनारा धुंडाळला. ओहोटीला उघडी पडलेली खारफुटीची मेलेली लाकडं, वाहून आलेल्या काटक्या, बुडालेली खोडं गोळा केली आणि त्यांवरची बुरशीची फळं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. 1982 मध्ये एस. डी. पाटील आणि बोरसे यांनी एका नव्या जातीचं वर्णन केलं आणि तिला रत्नागिरीचं नाव दिलं: हॅलोसार्फिया रत्नागिरिएन्सिस. पुढे 2003 मध्ये डीएनएच्या आधारे तिचं घराणं बदललं आणि ती सागरोमायसिस रत्नागिरिएन्सिस झाली. नव्या नावात सागर आहे आणि रत्नागिरीही टिकली आहे. आग्नेय आशियातल्या खारफुटीच्या लाकडावरही ती पुढे सापडली.

हिचा बीजाणू मोठा मजेचा आहे. रंगहीन, दोन कप्प्यांचा, दोन्ही टोकांना आकड्यासारखी गुंडाळी. कोरडा असेपर्यंत गुंडाळी घट्ट असते. पाण्यात पडला की ती उलगडते आणि लांब, चिकट धागा होतो. भरतीच्या पाण्यात वाहताना हा धागा लाकडाच्या खरबरीत भागाला अडकतो आणि बीजाणू तिथे स्थिरावतो. खाऱ्या, हलत्या पाण्यात बस्तान बसवायची ही युक्ती जमिनीवरच्या बुरशीला लागत नाही.

1988 मध्ये बोरसे यांनी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कोणती सागरी बुरशी किती वेळा आढळते याचा निबंध प्रसिद्ध केला. 2012 मध्ये गोवा विद्यापीठातले बुरशीतज्ज्ञ डी. जे. भट आणि इतर सहकाऱ्यांबरोबर ‘मरीन फंजाय ऑफ इंडिया’ हा ग्रंथ पणजीहून निघाला. पुढे गोड्या पाण्यातल्या बुरशींवरही खानदेशातल्या या मंडळींनी तितकाच जाड ग्रंथ केला. अशा कामाला टाळ्या मिळत नाहीत. काटक्या पिशवीत घालून आणायच्या, ओल्या ठेवायच्या, महिनोन्‌महिने तपासायच्या, चित्रं काढायची. पण ही नोंद नसती तर पुढच्या कुठल्याही प्रश्नाला हात घालता आला नसता.

बोरसे यांचं काम मुख्यतः मेलेल्या, बुडालेल्या लाकडावरचं. ज्या बुरशीबद्दल आपण बोलतोय ती जिवंत पानात, सालीत, मुळात असते. मग या दोघी एकच का? लाकूड मेल्यावर जी त्याला खाते, ती झाड जिवंत असताना आत दबा धरून होती, की मागाहून पाण्यातून आली? माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात रसाळ प्रश्न हाच आहे, आणि त्याची बरीचशी उकल दोन ठिकाणी झाली.

पहिलं ठिकाण तमिळनाडूतलं पिचावरम. तिथल्या कांदळवनात टी. एस. सूर्यनारायणन आणि व्ही. कुमारेसन यांनी 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून काम केलं. 1998 मध्ये त्यांनी कांदळाच्या दोन जातींच्या पानांतल्या बुरशींची नोंद दिली आणि 2001 मध्ये एकाच कांदळवनातल्या सात जातींच्या झाडांची तुलना केली. शेजारी शेजारी, एकाच चिखलात उभ्या झाडांत मुक्काम करणाऱ्या बुरशी बऱ्याच वेगळ्या निघाल्या. पावसाळ्यात पानांतला मुक्काम वाढतो हेही दिसलं, कारण बहुतेक झाडांत ही बुरशी बियांतून पिढीजात येत नाही. ती हवेतून, पावसातून येते. पान उमलतं तेव्हा ते जवळपास रिकामं असतं. दिवसागणिक बीजाणू पडत जातात आणि पान जून होईतो ठिकठिकाणी एकेका मिलिमीटरची बिऱ्हाडं मांडलेली असतात. 2002 मध्ये याच जोडीने कांदळाची कोवळी, जून आणि गळायला आलेली पानं तपासली. वयाबरोबर आतली वस्ती वाढत होती, आणि काही रहिवासी पान गळून चिखलात पडल्यावरही तिथेच राहून ते कुजवायला लागले होते. जिवंतपणी ज्याने काही बिघडवलं नाही, तोच मेल्यावर पहिला ताटावर बसला. गळलेल्या पानावर बाहेरून येणाऱ्या बुरशीला नंबर लावावा लागतो. हा आधीपासून आतच होता. खेकडे आणि कोळंबीची पिल्लं ज्या कुजलेल्या पानांवर वाढतात, त्या अन्नाची सुरुवात पान झाडावर असतानाच होते, असा याचा अर्थ.

दुसरं ठिकाण कर्नाटक किनाऱ्यावरचं उद्यावर. मंगळूर विद्यापीठाच्या के. आर. श्रीधर आणि के. आनंदा यांनी 2002 मध्ये तिथल्या खारफुटीच्या मुळांतल्या बुरशींचा अभ्यास मांडला. मुळं तर रोज समुद्राच्या पाण्यात, तेव्हा सागरी बुरशींचंच राज्य असेल असं वाटावं. सागरी बुरशी होत्याही, पण जमिनीवरच्या बुरशींचा वाटा मोठा होता. पानांची गोष्ट तर आणखी ठळक आहे. फायलोस्टिक्टा, फोमॉप्सिस, कोलेटोट्रायकम, पेस्टॅलोशिऑप्सिस, क्लॅडोस्पोरियम ही खारफुटीच्या पानांतली नेहमीची घराणी. यांतली काही घराणी आंब्यात, सागात आणि आपल्या निंबातही भेटतात. पाय समुद्रात असले तरी खारफुटीचा शेंडा हवेत आहे, आणि हवा जमिनीची आहे.

हे वाचल्यावर मी आमच्या गल्लीतल्या निंबाकडे वळलो. कृती साधी आहे, मात्र तीत आळस चालत नाही. पानं वाहत्या पाण्यात धुवायची. मग काही सेकंद 70 टक्के अल्कोहोलमध्ये, मग काही मिनिटं सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात, पुन्हा थोडं अल्कोहोल, शेवटी निर्जंतुक पाण्याने दोन-तीनदा खळबळायचं. हेतू एवढाच की पानाच्या पाठीवर धुळीबरोबर बसलेलं सगळं मरावं आणि जे आत आहे तेच उरावं. ते मेलं की नाही हे पाहायला पान एका वेगळ्या ताटलीवर हलकेच दाबून उचलायचं. त्या ठशातून काही उगवलं तर सगळा प्रयोग टाकून द्यायचा. मग अर्ध्या सेंटिमीटरचे चौकोन कापून बटाट्याच्या अगरवर मांडायचे, जिवाणू वाढू नयेत म्हणून त्यात प्रतिजैविक घातलेलं. आणि वाट पाहायची, तीन आठवडे तरी. पहिले काही दिवस चौकोन तसेच हिरवे पडून असतात. मग एखाद्या सकाळी कापलेल्या कडेला, शीर जिथे तुटली तिथे, भिंगातूनच दिसेल असा पांढरा तंतू बाहेर आलेला असतो. दोन दिवसांत तिथे कापसाचं बोंड. शेजारच्या चौकोनातून राखाडी, तिसऱ्यातून काहीच नाही. जळगावच्या मे महिन्यातल्या उन्हात धरून राहिलेलं ते पान बाहेरून पूर्ण निर्मळ होतं.

निंबावर आपल्याकडे चांगलं काम झालं आहे. 2000 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निंबाच्या पानांतल्या अंतर्वासी बुरशींवर चेन्नईहून टिपण आलं, पुढे वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठातल्या गटाने साल, खोड, पान, मूळ, फळ असे भाग वेगवेगळे तपासले. पण निंब असो की तिवर, अशा अभ्यासांतले फार पुष्कळ निबंध एकाच जागी येऊन थांबतात: इतक्या बुरशी मिळाल्या, त्यांची यादी ही, आणि इतक्यांच्या अर्काभोवती जिवाणू न वाढलेलं वर्तुळ पडलं. यादी हवीच, ती कशी करावी हे बोरसे यांनी दाखवलं. वर्तुळाबद्दल मात्र मला आक्षेप आहे. अगरवर एकटी वाढवलेली बुरशी पानात तसंच वागते हे त्यातून कळत नाही. शिवाय अगरवर जी उगवते ती आतल्या वस्तीतली जोरकस आणि चटकन वाढणारी तेवढीच. 2012 मध्ये डीएनएचा आयटीएस हा तुकडा बुरशीची अधिकृत ओळखपट्टी ठरला. तेव्हापासून पानातल्या सगळ्या डीएनएचं वाचन करणं सोपं झालं, आणि न उगवणाऱ्यांची संख्या किती मोठी आहे ते उघड झालं.

बुरशीचं नाव कळलं म्हणजे तिचा स्वभाव कळला, या समजुतीला सगळ्यात मोठा धक्का 1993 मध्ये बसला. स्टॅन्ली फ्रीमन आणि रस्टी रॉड्रिग्ज यांनी भोपळावर्गीय पिकांना रोग देणाऱ्या कोलेटोट्रायकमच्या एका जातीत बदल घडवला. एकच जनुक बिघडलं आणि रोगकारक बुरशी निरुपद्रवी रहिवासी झाली. एवढंच नाही, ज्या रोपांत ती होती त्यांना मूळ रोगकारक बुरशीपासून संरक्षण मिळालं. मारणारा आणि राखणारा यांच्यात एका जनुकाचं अंतर! पनामातल्या कोकोच्या पानांवर अर्नोल्ड आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दाखवलं की अंतर्वासी बुरशी असलेल्या पानांचं फायटॉफ्थोरा रोगाने कमी नुकसान होतं. दुसऱ्या बाजूला अमेरिकेतलं टॉल फेस्क्यू गवत आहे. त्यात राहणारी एपिक्लो बुरशी गवताला राखते, किडीला हाकलते आणि तेच गवत खाऊन गुरं आजारी पडतात. गवताचा राखणदार गुरांचा वैरी.

मीठ सहन करण्याबद्दलचा प्रयोग तर मला पुनःपुन्हा वाचावासा वाटतो. रॉड्रिग्ज आणि रेगिना रेडमन यांच्या गटाने 2008 मध्ये समुद्रकाठच्या वाळूतल्या गवतातून फ्युजेरियम कल्मोरम ही बुरशी वेगळी केली. ती असताना गवत खारं पाणी सोसतं, ती काढली की सोसत नाही. मग त्याच जातीची, पण समुद्रापासून दूरच्या झाडातून घेतलेली बुरशी गवतात सोडली. मीठ सोसण्याची ताकद आली नाही. जात तीच, नाव तेच, पण मिठाच्या सहवासात न राहिलेल्या बुरशीकडे ती विद्या नव्हती. यलोस्टोनच्या गरम जमिनीतल्या गवताची कथा आणखी गुंतागुंतीची. तिथे गवतात बुरशी आणि बुरशीत विषाणू आहे, आणि तिघं एकत्र असतील तरच उष्णता सोसली जाते, हे 2007 मध्ये सिद्ध झालं.

यावरून आपल्याकडची एक जागा डोळ्यांसमोर येते. अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातून पूर्णा वाहत येते आणि मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. तिथून तापी खानदेश ओलांडून सुरतेला समुद्रात जाते. तिच्या मुखाशी तिवर आहे. म्हणजे एकाच नदीच्या खोऱ्यात वर जमिनीतलं मीठ, मध्ये केळी-कापसाची काळी माती आणि खाली समुद्राचं मीठ. खारपाणपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या गवताच्या आत आणि तापीमुखाच्या तिवराच्या आत कोण राहतं, हे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे. आम्हा खानदेशवाल्यांनी तर ते पाहायलाच हवं.

औषधांची बाजू टाळून चालणार नाही, कारण या क्षेत्राकडे पैसा आणि लक्ष तिनेच वळवलं. इथेही वाट खानदेशातून जाते. नंदुरबारला 1925 मध्ये जन्मलेले मनसुख वाणी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात मन्‍रो वॉल यांच्याबरोबर काम करत. या दोघांनी 1966 मध्ये एका चिनी झाडातून मिळालेल्या कॅम्पटोथेसिनची आणि 1971 मध्ये पॅसिफिक यू झाडाच्या सालीतून मिळालेल्या टॅक्सॉलची रचना प्रसिद्ध केली. दोन्हींतून कर्करोगावरची औषधं उभी राहिली. टॅक्सॉलसाठी सालीची मागणी वाढली आणि जंगलातली झाडं पडू लागली. अशा वेळी 1993 मध्ये मोंटानातल्या आंद्रेया आणि डोनाल्ड स्टिअर्ल आणि गॅरी स्ट्रोबेल यांनी जाहीर केलं की यू झाडात राहणारी एक बुरशी स्वतःच टॅक्सॉल बनवते. प्रमाण लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये होतं, पण आशा प्रचंड होती. झाड न तोडता पिंपात बुरशी वाढवून औषध मिळेल! जगभर प्रयोगशाळा बुरशी गोळा करायला निघाल्या, खारफुटीच्याही.

आपल्या सह्याद्रीत कॅम्पटोथेसिन देणारं झाड आहे, नरक्या. त्याच्या तस्करीने घाटातली झाडं विरळ झाली. 2005 मध्ये जम्मूच्या संशोधकांनी नरक्याच्या आतल्या सालीतल्या एका बुरशीतून कॅम्पटोथेसिन मिळाल्याचं नोंदवलं. त्यानंतर जर्मनीत सौविक कुसारी आणि सहकाऱ्यांनी चिनी झाडातल्या फ्युजेरियमवर बारकाईने काम केलं. बुरशी कॅम्पटोथेसिन बनवत होती, पण ताटलीतून ताटलीत नेता नेता काही पिढ्यांत ते घटत गेलं. शोध घेता कळलं की बनवण्याच्या साखळीतलं एक विकर तिच्याकडे नाहीच. तो टप्पा ती झाडाच्या विकराने पार पाडते. टॅक्सॉलच्या बाबतीत 2013 मध्ये जनुकीय तपासणीनंतर, बुरशी ते खरोखर स्वतंत्रपणे बनवते का यावरच गंभीर शंका घेतली गेली. आज टॅक्सॉल येतं ते यूच्या पानांतल्या घटकापासून आणि यूच्या पेशी टाक्यांत वाढवून. तीस वर्षांच्या या खटाटोपात औषधाचं पिंप उभं राहिलं नाही. पण झाडापासून तोडलेली बुरशी आपलं काम विसरते, हे कळलं, आणि मला ते औषधाइतकंच मोलाचं वाटतं. तिवरातली बुरशी हवी असेल तर तिवर उभा हवा.

आता पुन्हा केळीकडे. जळगावात आज ग्रँड नैन लावतात ते बहुतांशी टिश्यू कल्चरचं रोप. ते बाटलीत, निर्जंतुक अगरवर वाढतं. विषाणू आणि सूत्रकृमी टाळण्यासाठी ते योग्यच आहे. पण रोगाबरोबर आतले सगळे रहिवासीही जातात. युगांडात आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेच्या संशोधकांनी निरुपद्रवी फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम टिश्यू कल्चरच्या केळीत परत सोडून मूळ पोखरणारे सूत्रकृमी कमी करता येतात हे दाखवलं. आणि फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम म्हणजे तीच जात, जिच्या एका वंशाने विसाव्या शतकात मध्य अमेरिकेतली ग्रॉस मिशेल केळी संपवली. तिचाच टीआर-4 हा नवा वंश कॅव्हेंडिश गटाला, म्हणजे आपल्या ग्रँड नैन आणि बसराईला मर रोग देतो. तो बिहार आणि उत्तर प्रदेशात पोचला आहे. एकाच नावाच्या दोन बुरशी, एक मुळाला राखणारी आणि एक खोडातल्या पाण्याच्या नळ्या बुजवून बाग बसवणारी. शेतकऱ्याला ‘फ्युजेरियम’ एवढंच सांगणं पुरेसं होत नाही ते यामुळे.

बाटलीतून काढलेली रोपं महिना-दीड महिना शेडनेटखाली पिशव्यांत ठेवतात, बाहेरच्या हवेची सवय व्हावी म्हणून. पहिलं नवं पान उलगडतं ते तिथेच, पिशवीतल्या कोकोपीट-मातीवर आणि सावलीतल्या दमट हवेत. त्या दिवसांत पानावर कोण उतरतं, मुळात कोण शिरतं आणि बागेत गेल्यावर त्यांतलं कोण टिकतं, हे पिशवी-पिशवीने नोंदवायला हवं. त्यासाठी परदेशी यंत्र लागत नाही. अल्कोहोल, हायपोक्लोराइट, बटाट्याचं अगर, आणि तीन आठवडे ताटलीकडे रोज सकाळी पाहणारं कुणीतरी.